निलोफरचं एक मिनिट

मला भोचक म्हणता ना, मग आधी हे ऐका.

शेजारच्या निलोफरला मोठ्या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या फर्ममध्ये नोकरी पाहिजे होती. मुलाखतीत ते एक अडचण सांगतात, ती आपण सोडवायची. सराव मीच घेऊन राहिले होते. "काकू, लगेच उत्तर द्यायचं नसतं. मिनिटभर मागून घ्यायचं, विचार करायचा," असं तिनं मला हजारदा सांगितलेलं.

मुलाखत मोबाइलवर होती, स्पीकर लावलेला. मी टँकरची वाट बघत घागर घेऊन तिच्या भिंतीबाहेर उभी, कान आत. पुण्याच्या साहेबांनी विचारलं, "दुष्काळी गावात टँकरपुढची रांग कशी कमी कराल?"

"एक मिनिट द्या, सर," निलोफर म्हणाली आणि गप्प बसली. पार गप्प. पोरगी अडली म्हणून माझा जीव वरखाली. शेवटी मीच ओरडले, "सांग की, आधी आमचा उदगीर तालुका वेगळा जिल्हा होऊ द्या म्हणावं, मग टँकरच लागायचा न्हाई!"

"तुम्हाला उत्तरं कोण सांगतंय?" साहेबांचा आवाज चढला.

"शेजारच्या काकू, सर. ते उत्तर त्यांचं, माझं अजून ठरायचंय. पण त्या रोज रांगेत असतात. त्यांनाच दोन प्रश्न विचारू का?"

साहेब हसले. पोरगी ती फेरी पास.

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलले का गं?"

"हाव काकू. पुढची फेरी दुसऱ्या गावातून द्या म्हणाले. अहमदपूरला मामाकडं चाललेय."

मामाच्या शेजारी माझी नणंद राहते, हे मी तिला अजून सांगितलं न्हाई.