सहा ठिकाणचे टोमॅटो सूप

मी, खाली सही करणारी, वय ४४ वर्षे, शिक्षण रसायनशास्त्राची पदवी, व्यवसाय नोकरी (पाणी तपासणी प्रयोगशाळेत अठरा वर्षे), राहणार कापडबाजारामागची गल्ली, दुसरा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगते की:

माझ्याविरुद्ध तक्रार देणारे गृहस्थ माझे सख्खे थोरले भाऊ आहेत. मी त्याला दादा म्हणते, म्हणून पुढे तसेच लिहिले आहे. चौकातले जुने रेस्टॉरंट तो चालवतो. ते आमच्या वडिलांनी काढले आणि एकतीस वर्षे स्वतः शेगडीपुढे उभे राहून चालवले. वडील आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत व दादाकडे राहतात. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी त्यांना भेटायला त्या घरी जाते.

हवालदारांनी लिहिलेले पहिले पान मी वाचून पाहिले. त्यात 'खराब' हा शब्द तीनदा होता. मी तो एकदाही वापरलेला नाही. म्हणून त्यांच्या परवानगीने हा जबाब दुपारी तीन वाजून दहा मिनिटांपासून स्वहस्ते लिहीत आहे.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी बाबांच्या पुढ्यात दादाच्या रेस्टॉरंटमधून आलेले टोमॅटो सूप होते. दादा त्या वेळी घरात नव्हता. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि विचारले, "आपण करायचो तसं सूप आता कुठे मिळत असेल का गं?" मी म्हटले, "बघते." एवढेच बोलणे झाले.

आमच्या भागात टोमॅटो सूप मिळणारी सहा ठिकाणे आहेत. गेल्या शनिवारी शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंनी सहाही ठिकाणांहून बारा ते एकच्या दरम्यान सूप विकत आणले. कोणते कुठले हे फक्त काकूंना माहीत होते. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात सारख्याच सहा डब्यांत ते ओतले व एक ते सहा नंबर टाकले. सहाही डबे एकाच वेळी गरम पाण्यात ठेवून साठ अंशांवर आणले. दोन चवींच्या मध्ये पावाचा तुकडा आणि पाणी घेतले. चाखणारे तिघे होतो. मी, काकू आणि आणखी एक. काकूंना नंबर ठाऊक असल्याने त्यांचे मत मोजले नाही. त्या रागावल्या. "तासभर पायपीट मी केली आणि मत तेवढं फुकट गेलं," असे त्या म्हणाल्या.

तिसऱ्या व्यक्तीचे नाव मी सांगणार नाही. या पदार्थाची जाण त्या व्यक्तीला माझ्याहून पुष्कळ जास्त आहे, एवढेच नोंदवते.

सोमवारी सकाळी दहा वाजता मी वाचनालयाच्या फळ्यावर क्रमांकांचा कागद लावला. दवाखान्यासमोरच्या बाईंचे सूप पहिले. दादाचे पाचवे. त्याच्यापुढे मी लिहिले होते: "दाट आहे, गोड आहे. टोमॅटो शोधावा लागतो." पुडीतली पावडर वापरतात असे मी लिहिलेले नाही. मी ते पाहिलेले नाही.

कागद लावायची गरज होती का, असे ठाण्याच्या साहेबांनी विचारले. हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. वाचनालयात या विषयावर कायम वाद चालतात, हे खरे आहे. आणि दादाचा नंबर खाली आलेला पाहून मला जरा बरे वाटले, हेही खरे आहे. ते सोमवारी रात्री माझ्या वहीत लिहिलेले आहे. वही हवी असल्यास दाखवीन.

माझी चूक पुढीलप्रमाणे. मंगळवारी काकू धुवायला नेलेले डबे परत द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, शेवटी आलेल्या दोन डब्यांची झाकणं आपण बदलून तर नाही ना बसवली?" तेव्हा मला कळले की त्यांनी नंबराच्या चिठ्ठ्या झाकणांवर चिकटवल्या होत्या. नंबर बाटलीवर घाला, झाकणावर नको, झाकण हातात फिरते, हे मी प्रयोगशाळेत नव्या माणसांना अठरा वर्षे ओरडून सांगते आहे. माझ्याच ओट्यावर माझ्या ते लक्षात आले नाही. दोष काकूंचा नाही. मी त्याच दिवशी फळ्यावर जाऊन कागदाखाली लिहिले: "पाच व सहा हे क्रमांक संशयित. फेरतपासणी होईल."

बुधवारी सकाळी अकरा वीसला दादा प्रयोगशाळेत आला. माझ्या टेबलापाशी चौघे सहकारी होते.

तो म्हणाला, "आधी पाचवा, आणि आता संशयित? मी काय चोर आहे?"

मी म्हटले, "नंबर संशयित आहे, तू नाहीस."

"घरच्या सुपाला पाचवा नंबर देताना हात थरथरला नाही तुझा?"

"कुठलं कुणाचं, मला माहीतच नव्हतं, दादा."

"मग कळल्यावर खोडायचं!"

"इथे खोडत नाहीत."

"ते नळाचं पाणी आहे. मी तुझा भाऊ आहे."

  त्याने टाइप केलेला माफीनामा पुढे केला. त्यात मी आकसाने खोटे क्रमांक दिले असे होते. "सही कर. नाहीतर बाबांना भेटायला माझ्या घराची पायरी चढायची नाही," असे तो म्हणाला. मी सही केली नाही. त्याच दुपारी त्याने तक्रार दिली.

गुरुवारी फेरतपासणी केली. सूप पुन्हा ताजे आणले. चिठ्ठ्या या वेळी डब्यांच्या बुडाला लावल्या. चाखणारे तेच. पहिले चार क्रमांक कायम राहिले. पाचवे सूप बसस्टँडच्या उपाहारगृहाचे निघाले. दादाचे सहावे.

म्हणजे सोमवारच्या कागदाने अन्याय झाला तो बसस्टँडच्या उपाहारगृहावर. आज सकाळी नऊ वाजता तिथे जाऊन मी मालकांची माफी मागितली. ते म्हणाले, "कसला नंबर? बाई, मागे रांग आहे."

आज इथे साहेबांनी मला समजावले. "सूपच आहे ना, बाई? करून टाका सही."

मी म्हटले, "सूपच आहे, तर सही कशाला हवी?"

बाकावर बसलेला दादा म्हणाला, "बाबा रोज दोन वाट्या पितात आमचं सूप. त्यांना विचारा."

मी पुढे लिहीत राहिले.

चार वाजून पाच मिनिटांनी बाबा काकूंचा हात धरून आत आले. पायात घरातल्या सपाता होत्या. मी त्यांना बोलावले नव्हते. काकूंनाही सांगितले नव्हते. बाबांनी हवालदारांना विचारले, "तिसरा कोण, हे लिहिलंय का हिने?"

हवालदार म्हणाले, "सांगत नाहीत त्या."

"मी. शनिवारी मी आणि काल पण मीच. लिहा."

दादा उठून उभा राहिला. "बाबा, माझं सूप सहावं? तुम्ही ठरवलंत?"

"डब्यावर तुझं नाव नव्हतं रे. मी विचारलं, हे कुणी केलंय, याला कांदा परतायचा कंटाळा आहे."

"मग रोज दोन वाट्या पिता ते?"

"तू समोर बसतोस म्हणून पितो."

दादा खाली बसला. साहेबांनी त्याच्यासाठी पाणी मागवले. त्याने ते घेतले नाही. बाबा त्याच्या शेजारी बाकावर बसले.

तिसऱ्या व्यक्तीचे नाव सांगणार नाही हे माझे वर लिहिलेले वाक्य मी खोडत नाही. लिहिले तेव्हा ते तसेच होते. बाबांचे बोलणे त्यांच्याच सांगण्यावरून इथे घेतले आहे. त्यांचा वेगळा जबाब घ्यावा, असे ते म्हणतात.

दादाने तक्रार मागे घेतलेली नाही. मी क्रमांक मागे घेणार का, असे साहेबांनी शेवटचे विचारले. नाही. उद्या सकाळी दहा वाजता दुरुस्त कागद फळ्यावर लागेल. त्यात माझी झाकणांची चूक सविस्तर असेल आणि दादाच्या रेस्टॉरंटपुढे सहा असेल.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी दादाच्या घरी जाऊन बेल वाजवणार आहे. दार उघडले नाही तर पायरीवर बसेन. त्याबद्दल पुन्हा तक्रार आल्यास माझा जबाब हाच समजावा.

हवालदारांनी वरील मजकूर आम्हा सर्वांसमोर मोठ्याने वाचला. मी लिहिला तसाच तो आहे. वाचून होईपर्यंत दादा थांबला होता.

समक्ष, सही.