अभिरूप न्यायालयातला साक्षीदार

…नाही हो, तो फोटो आमच्या ग्रंथालयाचा नाहीच मुळी! माहितीपत्रकात छापला म्हणून काय आमचा झाला? — ते उंच खांब बघा, तो गोल जिना बघा, आणि आता जरा मान वळवून इकडे बघा. दिसतोय कुठे जिना? आमच्याकडे एक शिडी आहे, तिलाही तिसरी पायरी नाही. वरच्या फळीवरचं पुस्तक कोणी मागितलं की मी सरळ सांगतो, बाहेर गेलंय. सतरा वर्षं झाली मला या टेबलामागे, ग्रंथालय सेवक म्हणून, आणि वर काय आहे ते मलाही धड माहीत नाही. प्रवेशाचे अर्ज खरं तर ऑफिसात मिळायचे, पण तिथल्या क्लार्कबाई दर वर्षी नेमक्या याच आठवड्यात आजारी पडतात, मग गठ्ठा माझ्या गळ्यात. बसा ना ताई. खुर्ची हलते, पण पडत नाही. पंखा? पंखा बंद आहे. पूर्वी माझा धाकटा भाऊ येऊन फुकटात दुरुस्त करून जायचा — आता येत नाही तो. जाऊ दे.

तुमचं काय, मोठ्या शहरातल्या लॉ कॉलेजात नाव लागलं नाही? — तसं नाही? स्वतःहून आलात? इथे? बरं, मग तर सांगायलाच हवं. प्राध्यापक कागदावर अकरा, प्रत्यक्षात चार. त्यातले दोघे सकाळभर कोर्टात आणि प्राचार्य कुठल्या तरी सत्काराला. उरल्या कराराचा कायदा शिकवणाऱ्या मॅडम. शिकवतात म्हणजे वही वाचतात. ती वही पिवळी पडलीय, त्यातला अर्धा कायदा सरकारने केव्हाच रद्द केला, पण वहीत तो अजून ठणठणीत आहे. पोरं तोच लिहितात आणि पास होतात, कारण पेपर तपासायलाही मॅडमच! मूळ कायद्याचं पुस्तक मागायला सतरा वर्षांत किती जण आले असतील? हाताची बोटं पुरतील. बाकी सगळ्यांना गाइड हवं, आणि काळा कोट हवा. पहिलं कलम वाचलेलं नसतं, पण पहिल्याच आठवड्यात कोट घालून पायऱ्यांवर फोटो. मी दर वर्षी घसा फोडून सांगतो, अरे, दोन गल्ल्या पलीकडे खरं कोर्ट आहे, मागच्या बाकावर जाऊन बसा, बघा, ऐका, कोणी हाकलत नाही. किती जातात सांगू? गेल्या वर्षी एक गेला. तोही तिथे गार वाटतं म्हणून.

आता चौथं पान काढा. काय लिहिलंय? ‘सुसज्ज अभिरूप न्यायालय.’ अभिरूप म्हणजे खोटं-खोटं कोर्ट, सरावासाठीचं. आणि सुसज्ज म्हणजे टेबल-टेनिसचं टेबल, त्यावर हिरवी चादर. हातोडा आहे, तो प्लंबर विसरून गेला होता. न्यायाधीश म्हणजे आमचे पुराव्याच्या कायद्याचे सर. आणि साक्षीदार म्हणजे मी. — हो, मीच! हसा, हसा. सगळे वकील व्हायला आलेले, साक्षीदार व्हायला कोण तयार होणार? पहिल्याच वर्षी सरांनी मला ओढून उभा केला तो कायमचा. पोरं मला नावाने ओळखतसुद्धा नाहीत, साक्षीदारकाका म्हणतात. खून बघितलेला मी, अपघात बघितलेला मी, मृत्युपत्रावर म्हाताऱ्याने सही केली तेव्हा शेजारी उभा मीच!

आणि यातली खरी गोम सांगू? उलटतपासणीला पंचवीस मार्क. साक्षीदार फुटला तर मार्क, नाहीतर नाही. आता या पोरांच्या प्रश्नांनी साक्षीदार काय फुटणार, कपाळ! म्हणून सरांनी तोड काढली. सगळ्यांना एकच पद्धत घोकून घ्यायला लावली — आधी चार साधे प्रश्न विचारायचे, मग चष्मा काढायचा, दोन पावलं पुढे यायचं, आवाज खाली आणायचा आणि पाचवा प्रश्न टाकायचा, ‘म्हणजे हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता?’ की मी फुटायचं. मान खाली घालून म्हणायचं, ‘नाही साहेब, आता नक्की सांगता येणार नाही.’ की टाळ्या! की पुढचा नंबर! ज्यांना चष्मा नाही ती पोरं बिननंबरी चष्मा विकत आणतात, शपथ. एका दिवसात चाळीस पोरं, म्हणजे मी चाळीसदा फुटायचं. मग सर पाठीवर थाप मारतात, चहा मागवतात. सहाव्या पानावर मोठ्या अक्षरांत आहे बघा, ‘शंभर टक्के निकाल’. ते शंभर टक्के माझ्या जिवावर.

अंगवळणी पडतं हो सगळं. इतकं अंगवळणी पडतं की — नको. तुम्ही अर्ज भरा. पेन देऊ?

काय? खऱ्या कोर्टात? उभा राहिलोय ना. एकदाच. धाकट्या भावासाठी. वायरमन आहे तो, हातात जादू आहे त्याच्या. एका गोदामाचं वायरिंग त्याने केलं होतं, तिथून तांब्याच्या तारेची बंडलं गेली चोरीला, आणि पहारेकरी म्हणाला, चार वाजता यालाच मागच्या दाराने बाहेर पडताना पाहिलं. अहो, चार वाजता हा माझ्या घरी पाण्याची मोटर उघडून बसलेला! घरात आम्ही दोघंच. म्हणजे त्याला सोडवू शकेल असा माणूस एकच, मी. आणि मी काय सांगत सुटलो होतो माहितीये? साक्ष म्हणजे आपलं रोजचं काम! भावजय रडत होती, तिला म्हटलं, तू निर्धास्त राहा गं, मी आहे ना. समोर सरकारी वकील उभा राहिला तर तो आमच्याच कॉलेजचा, याच टेबलावरून गाइडं नेलेला. मला तर बरंच वाटलं, म्हटलं ओळखीचा चेहरा आहे. त्याने विचारलं, घरी घड्याळ आहे? आहे. नीट चालतं? चालतं. तुम्ही स्वतः पाहिलंत? पाहिलं. किती वाजले होते? चार. मग त्याने चष्मा काढला. दोन पावलं पुढे आला. आवाज खाली आणला. — आणि मी बोललो नाही हो, खरंच मी नाही बोललो, ते तोंडातून आपोआप पडलं. मान खाली गेली आणि पडलं. ‘नाही साहेब, आता नक्की सांगता येणार नाही.’

आणि लाज वाटते सांगायला, पण त्यानंतर मी क्षणभर थांबलो. टाळ्यांसाठी. मग वर बघितलं तर आरोपीच्या पिंजऱ्यातून भाऊ माझ्याकडे बघत होता. आमच्या वकिलाने सावरून घ्यायची धडपड केली, मी ओरडून ओरडून सांगितलं चारच, चारच वाजले होते — पण न्यायाधीश म्हणाले, हा साक्षीदार घटकेत एक सांगतो, घटकेत दुसरं. दोन वर्षांची शिक्षा. आणि तो सरकारी वकील बाहेर व्हरांड्यात गाठून मला म्हणतो, काका, सवयीने झालं हो माझ्याकडून! एवढं एकच शिकवलं होतं ना गाढवाला इथे.

पुरी दोन वर्षं काढली त्याने आत. गेल्या महिन्यात सुटला, घरी आला. मी म्हटलं बस, बसला नाही. म्हणाला, ‘माझी हत्यारांची पिशवी राहिलीय तुमच्याकडे.’ तुमच्याकडे! जन्मभर मला ‘अरे दादा, अरे दादा’ करणारा माझा भाऊ, आणि तुमच्याकडे. पिशवी उचलली, गेला. त्याला वाटतं मी घाबरलो, नाहीतर कोणीतरी मला फितवलं. वाटू दे. घाबरलो म्हटलं तर निदान माणूस तरी ठरतो. पोरांना मार्क मिळावेत म्हणून लावून घेतलेल्या सवयीपायी तुझी दोन वर्षं गेली, हे कुठल्या तोंडाने सांगू त्याला?

काय म्हणालीस? — परत विचार. तो माझ्या घरी होता का? होता! होता गं पोरी. असं सरळ कोणी विचारलंच नाही मला, सगळे ते घड्याळच धरून बसले. आमचा वकीलसुद्धा म्हणाला होता, घड्याळ सोडून एक शब्द बोलायचा नाही. अगं, फरशीवर मांडी घालून बसला होता, कोपरापर्यंत ग्रीस. मी बॅटरी धरली होती, हात हलायचा माझा, तर खेकसला, ‘दादा, नीट धर ना रे!’ मग एक बारकासा स्क्रू घरंगळत पायरीखाली गेला. दोघं गुडघ्यांवर बसून शोधतोय, हसतोय, डोक्याला डोकं आपटतंय, आणि तो त्याच्या हाताला लागला तेव्हाच पलीकडच्या कारखान्याचा भोंगा झाला, चारचा —

भोंगा झाला होता की.

रोज होतो. अख्खी गल्ली ऐकते. न्यायाधीशांच्या घरीसुद्धा ऐकू जात असेल.

…नको, पाणी नको. अर्ज तिथे पडलेत, हवा तर उचला. मी टेबल बंद करतोय. जा तुम्ही. जा म्हटलं ना.