सहा नोव्हेंबरचा फोटो

साताऱ्याच्या स्टँडवर उंब्रजच्या गाडीसाठी लांब रांग लागली होती. सुमंत गुरुजींच्या पुढे एक माजी सैनिक थोरल्या बहिणीला पाकिटातून आलेला लेकाचा फोटो दाखवत होता.

“वीरधवल हाय व्हय रं, नाथा? विलायतेत बी जत्रा भरती?”

“रग्बीचा वर्ल्ड कप हाय, आक्का. समदं शहर रस्त्यावर नाचतंय.”

“आन ह्यो तोंड रंगवून! सोंगाड्याच जनू. पर हसतोय किती!”

“खाली तारीख हाय बग.”

“मला कुटं वाचता येतंय?”

“सहा नोव्हेंबर, नव्याण्णव.”

“आगं बया! हौसाच्या दहाव्याचा दिस. आईच्या दहाव्याला नाचतोय?”

“फोनवर म्हनला व्हता, काम लय हाय, मान वर करायला सवड न्हाई.”

रांग पुढे सरकली. गुरुजी जागचे हलले नाहीत.

“तवाच तर पिंडाला कावळा शिवंना. दुपार झाली.”

“मग म्याच हात जोडून सांगितलं तिला. तुजं पोरगं कामात बुडालंय, त्येची वाट बगू नगंस.”

“आन लगेच शिवला की कावळा.”

“शिवला. तिला माजं खरं वाटलं, आक्का.”