जिवंत कापडाची सीट

…आणि वर लोक मलाच विचारतात, "अहो, तुमच्या गाडीत चपला काढून बसायचं का?" आता ह्यावर माणसानं बोलावं तरी काय? तुम्हाला सांगतो, आयुष्यात मऊ वस्तू निवडू नये. टणक निवडावी, दोनदा आपटून बघावी आणि नळाखाली धरून धुता येत असेल तरच घरी आणावी. चांगली चालणारी गाडी होती हो माझी. जुनी होती, सीटा फाटल्या होत्या, स्पंज बाहेर डोकावत होता, पण कुणाचं काही अडलं होतं का? नव्हतं. पण मला हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अक्कलही नसते हे कुणी सांगत नाही!

गेलो सीट कव्हरवाल्याकडे, बायकोला घेऊन. बायको गणिताची मास्तरीण. तिनं दुकानाच्या पायरीवरूनच निकाल दिला, "रेक्झिन घे. फडकं मारलं की संपलं." संपलं… काय सुखी माणसाचं वाक्य आहे बघा. पण तेवढ्यात त्या कव्हरवाल्यानं काउंटरखालून एक तुकडा काढला. स्वेड. म्हणजे खरं कातडं नाही हं, कातड्यासारखं दिसणारं कापड, वर बारीक मखमली लव. मी हात फिरवला आणि फिरवतच राहिलो. एका बाजूनं फिरवला की फिकं, उलट फिरवला की गडद, परत फिकं, परत गडद… बायको म्हणाली, "अरे, पुरे, लोक बघतायत." आणि तो कव्हरवाला माझ्या कानाशी आला, नातेवाइकांना बाजूला घेऊन डॉक्टर बोलतात ना, तसा हळू आवाज काढला आणि म्हणाला, "साहेब, हे कापड जिवंत आहे."

झालं. जिवंत म्हटल्यावर त्याला दुकानात एकटं सोडून यायचं कसं? घेतलं.

सीटा शिवून बसवल्या आणि मग त्यानं पथ्यं सांगायला सुरुवात केली. आधी नाही, मग! पाणी लागू द्यायचं नाही. कडक उन्हात गाडी उभी करायची नाही. नवी जीन्स घालून बसायचं नाही, रंग उतरतो. तेल लावलेलं डोकं मागे टेकायचं नाही. ब्रश मऊ हवा आणि तोही एकाच दिशेनं. मी म्हटलं, "आणि डाग पडला तर?" म्हणाला, "डाग पुसायचा नाही." "मग?" "सगळी सीट पुसायची. किंचित ओलसर फडक्यानं, ह्या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत. नुसता डाग पुसलात तर डाग जातो आणि त्याचं रिंगण उरतं." अहो, मग डाग काय वाईट होता? तर म्हणतो, "साहेब, कापड जिवंत आहे."

आता ह्या कापडाची खरी गंमत तुम्हाला सांगतो. ह्याच्यावर माणूस बसून उठला ना, की मागे अख्खा माणूस उरतो. लव दबते, ठसा उमटतो. कोण बसलं, किती रुंद बसलं, पिशवी डावीकडे ठेवली की उजवीकडे, सगळं दिसतं. शेजारचे काका नुसतं बघायला म्हणून आले आणि बोटानं सीटवर स्वतःची सही करून गेले. लफ्फेदार. खाली दोन रेघा. मी अर्धा तास ब्रश घेऊन काकांना पुसत बसलो होतो.

तर अशा ह्या सीटवर… माझी सासू.

सासूबाई आमच्या मागच्याच गल्लीत राहतात, एकट्या, ताठ, कुणाचं काही घ्यायचं नाही असा बाणा. एक दिवस मला बाजूला बोलावलं, दार लावलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, एक काम आहे. माझ्या लेकीला कळता कामा नये. माझी शपथ आहे." म्हटलं, "आई, तब्येत वगैरे…?" तर म्हणाल्या, "मी पोहायला शिकतेय."

ह्या वयात, हो! गुडघ्यांना पट्टे लावून! म्हटलं, "आई, अहो, पण तिला सांगायला काय हरकत आहे?" तर म्हणाल्या, "ती नको म्हणेल. तिच्या बाबांनीही आयुष्यभर नकोच म्हटलं." आणि मग म्हणाल्या, "पाण्यात गुडघे दुखत नाहीत हो. तेवढा अर्धा तास मी कुणीतरी वेगळीच असते." आता ह्यावर नाही म्हणणारा जावई तुम्ही मला दाखवा.

तलाव गावाबाहेर, त्या बाजूला सकाळी बस नाही, म्हणून मी. बायकोला सांगायचं, "टायरमध्ये हवा भरून येतो." आणि निघायचं. जाताना काही प्रश्न नाही. येताना! लेक रोज सकाळी शाळेत जायच्या आधी आईला फोन करते, घरातल्या फोनवर, तो फोन वाजायच्या आत सासूबाईंना घरी पोचायचं असतं आणि तिथे कपडे बदलायच्या खोलीपुढे ही रांग. मग सासूबाई काय करायच्या? ओल्या पोहण्याच्या कपड्यांवरच गाऊन चढवायच्या आणि येऊन बसायच्या. कशावर? माझ्या जिवंत कापडावर!

टॉवेल घाला म्हणाल तर घातला हो. टॉवेलही भिजला. आणि तुम्हीच सांगा, जावयानं सासूला सांगायचं कसं, की आई, जरा उठा, तुमच्याखाली ओलं होतंय?

त्यांना घरी सोडलं की मी गाडी झाडाखाली घ्यायचो आणि कामाला लागायचो. डाग पुसायचा नाही, सगळी सीट पुसायची. शिवणीपासून शिवणीपर्यंत. मग वाळवायची. मग ब्रश, एकाच दिशेनं. सीट अशी व्हायची की दुकानातून आत्ता आली. आणि तिथेच मी फसलो. कारण बाकीच्या सीटांवर आमचे जन्माचे ठसे आणि पुढची डावी सीट मात्र कोरी करकरीत.

बायको वर्षानुवर्षं परीक्षेला पर्यवेक्षक. कोण कॉपी करतंय हे तिला पोराच्या पाठीवरून कळतं. एका संध्याकाळी गाडीत बसायला दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. म्हणाली, "माझा ठसा कुठे गेला?" मी म्हटलं, "साफ केली." "बाकीच्या तीन?" "त्या… करणार आहे." तिनं दार लावलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. तुम्हाला सांगतो, तिच्या बोलण्याला मी भीत नाही, अशा मागे जाऊन बसण्याला भितो. दुसऱ्या दिवशी तिनं काय करावं? मला न सांगता त्या सीटवर बोटानं एक खूण काढून ठेवली. बरोबरची. पेपर तपासताना करतात तशी. आणि मी गाढव, सकाळी अंधुक उजेडात बघतोय कशाला, आधी सासूबाई बसल्या, मग मी पुसली, शिवणीपासून शिवणीपर्यंत.

संध्याकाळी कोर्ट बसलं.

"गाडीत कोण बसलं होतं?"
"कुणी नाही."
"मग माझी खूण कुणी पुसली?"
"मीच. हवा भरून येताना…"
"तुझ्या टायरला रोज हवा लागते?"

एकीकडे सासूची शपथ, एकीकडे बायको आणि मधे मी. मग तिनं चिमटीत एक केस धरला. लांब. पांढरा. माझ्या डोळ्यांपुढे नाचवला आणि म्हणाली, "बाई आहे. आणि वयानं मोठी आहे. तुझी ही आवड मला माहीत नव्हती." सीटपाशी नाक नेलं, हुंगलं आणि म्हणाली, "औषधाचा वास येतोय. नर्स असणार. निवृत्तीला आलेली." अहो, तो तलावातल्या पाण्यात टाकतात ना, त्या क्लोरीनचा वास! पण सांगतो कसा? त्या रात्री ती उशी घेऊन दुसऱ्या खोलीत झोपली आणि त्यात तिला गंमत वाटत नव्हती. मलाही नाही. सासूबाईंना म्हटलं, "आई, शपथ सोडवा." तर म्हणाल्या, "चारच दिवस थांबा. अजून कडेची दांडी सुटत नाहीये माझी." इथे माझा संसार सुटायला आलाय आणि ह्यांची दांडी सुटत नाहीये!

मग व्हायचं तेच झालं. एका सकाळी बायको टॅक्सी करून आमच्या मागे. मी तलावाच्या काठावर बाकावर बसलोय, मांडीवर टॉवेल, हातात सासूबाईंचा चष्मा. समोर बायको. तिनं टॉवेल बघितला, चष्मा बघितला, तो चष्मा तिनंच करून दिलेला, आणि मग पाण्यात बघितलं. तिथे डोक्याला रबरी टोपी, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरलेली, आणि तोंडानं फूफू करणारी तिची आई.

"आई?" ही ओरडली.

सासूबाई दचकल्या आणि दांडी सुटली. मी उठलो, शिकवणाऱ्या बाई पुढे झाल्या… पण सासूबाई बुडाल्या नाहीत. हात मारले, पाय मारले, काय वाट्टेल ते मारलं आणि पलीकडून अलीकडे आल्या, थेट लेकीच्या पायाशी. धापा टाकत होत्या. बायकोच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?" सासूबाई म्हणाल्या, "तू नको म्हणाली असतीस. आणि मी ऐकलं असतं."

बायको खाली बसली, चांगल्या साडीसकट, ओल्या लादीवर, आणि आईचा हात धरून बसली. उशी त्याच दिवशी परत आली. मीही तेव्हा फार हळवा झालो होतो, खोटं कशाला बोलू.

पण पुढे ऐका ना! आता बायकोही जाते. तिला बघून तिची मावशीही जाते. रोज सकाळी तीन ओल्या बायका माझ्या गाडीत. मी म्हटलं, "सीटांवर निदान मेणकापड घालू?" तर बायको म्हणते, "शी! मेणकापड काय, तान्हं बाळ आहे का गाडीत?" मी कव्हरवाल्याकडे धावलो. त्यानं तीन सीटांवर हात फिरवला. लव बसलेली, रंग गडद. मी आशेनं त्याच्या तोंडाकडे बघतोय. तर डोळे मिटून मान हलवली. म्हटलं, "अहो, तुम्हीच म्हणाला होतात ना, जिवंत आहे?" म्हणाला, "होतं."

असो. राहिली माझी एकच सीट. ड्रायव्हरची. कोरडी, फिकी, मऊ. म्हटलं, निदान एवढी तरी जपू. तर परवा सासूबाई बाहेर उभ्या राहून गाडीत बघत होत्या, बराच वेळ बघत होत्या आणि मग अगदी मायेनं म्हणाल्या, "जावईबापू, तेवढी एकच सीट वेगळ्या रंगाची दिसते हो, डोळ्यांना खुपतं. तुम्हीही शिकून घ्या की."

काय करता… उद्यापासून मलाही टोपी घालायचीय.