सात भोकं, तेरा पिना

नाही, पण मला एक सांगा, सात भोकांत तेरा पिना कशा जातील? साधी गोष्ट आहे की नाही? केळीच्या एका झाडाला एकच घड लागतो हे आमच्या यावलात शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल, पण इथं एकेक शहाणा माणूस, चष्मा लावलेला, दुकानावर पाटी असलेला, माझ्या हातातला प्लग बघतो, माझ्या पिकअपच्या मागचं सॉकेट बघतो, इकडं तेरा, तिकडं सात, दोन्ही मोजतो हो, बोट लावून मोजतो, आणि मान वर करून म्हणतो काय? "बशी जाई!" म्हणजे बसून जाईल! अरे, सात बसतील, बाकीच्या सहा काय उभ्यानं येणार आहेत?

तुम्हाला सांगतो, मला लुबाडलं असतं ना कुणी, तर मी एवढा चिडलो नसतो. लुबाडणारा निदान तोंड लपवतो. पण ह्यांनी माझा केसानं गळा कापला आणि वर चहा पाजला! आणि तेही कुणी? परक्यांनी नाही. माझ्या सख्ख्या व्याह्यानं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल तोताराम उन्हातून आला वाटतं. झालं काय, आमच्या कोकिळाला समुद्र बघायचा. लग्नाला चौतीस वर्षं झाली, चौतीस वर्षं तिचं एकच... द्वारकेला जायचं, समुद्रात पाय बुडवायचे. मी तीनदा निघालो. तीनदा! पहिल्या वेळी भुसावळपर्यंत गेलो तर विहिरीवरची मोटर जळाल्याचा निरोप. दुसऱ्या वेळी वादळ, उभा बाग आडवा. तिसऱ्या वेळचं सांगत नाही, त्यात चूक माझीच होती, मी तिकिटं घरी विसरलो. शिवाय कोकिळाला लॉजवर झोप येत नाही. "कोण झोपून गेलं असेल त्या गादीवर, काय माहीत!" झालं! रात्रभर खुर्चीत बसते बाई. म्हणून मी डोकं लावलं. म्हटलं, घरच संगं न्यायचं! पुण्याच्या एका साहेबानं परदेशी पद्धतीचा कॅम्पर बनवून घेतला होता, म्हणजे पिकअपच्या मागं ओढायची खोली, आत गादी, गॅस, छोटा फ्रिज, पंखा, पाण्याचा नळ. तो घेतला. गावात आणला तर लोक म्हणाले, फिरतं एटीएम आलं का हो?

कोकिळा आत गेली, गादीवर हात फिरवला, बाहेर आली, आणि मला म्हणाली, "हे बघा, मी येते. पण चौथ्यांदा जर अर्ध्या वाटेतून माघारी फिरलो ना, तर पुन्हा तुमच्यासंगं मी गावच्या बाजारालासुद्धा येणार नाही." एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आता त्या साहेबाला फोन केला, साहेब, तुमच्या प्लगला तेरा पिना, माझ्या गाडीला सात भोकं. तर तो काय म्हणतो, "काका, एक ॲडाप्टर लावा, झालं!" एक ॲडाप्टर! जसं काही किराणा दुकानातून पावशेर ॲडाप्टर घेऊन यायचा! मी गेलो जळगावला, मोतीलालशेठच्या दुकानात. गाड्यांचं इलेक्ट्रिक सामान, मोठं दुकान. शेठनं एक खोका उघडला. मग दुसरा. मग शिडी लावून माळ्यावरचा तिसरा. त्यातनं एक बुटकं, काळं, धुळीनं माखलेलं काढलं, फुंकर मारली, म्हणाले, "हाई लई जा, भाऊ. बशी जाई." घरी आणलं, लावलं, बसेना! पुन्हा चाळीस-पन्नास किलोमीटर जळगाव. शेठ म्हणाले, "कडाले कानस मारा थोडी, बशी जाई." अहो, मी कानस मारली! दोन दिवस दाराशी बसून लोखंड घासलं, चार पिढ्यांत आमच्याकडं कुणी लोहार नाही! तिसऱ्या दिवशी भाविका, शेजारच्या घरातली, इंजिनिअरिंगला आहे, ती येता-जाता डोकावली आणि म्हणाली, "आबा, ह्यावर चोवीस व्होल्ट लिहिलंय. हा ट्रकचा आहे. तुमची पिकअप बारा व्होल्टची." मी म्हटलं, पोरी, तू दोन दिवस आधी का नाही डोकावलीस?

दुसरा ॲडाप्टर घेतला. बारा व्होल्टचा. बसला! खरंच बसला! कॅम्परचे मागचे दिवे लागले, उजवा दाबला उजवा, डावा दाबला डावा. मी नारळ फोडायच्या तयारीत, तर आतून कोकिळाचा आवाज, "अहो, फ्रिज कुठं चाललाय? पंखा कुठं फिरतोय?" आता बोला! मग मला उमगलं की गाडीच्या त्या सात भोकांतून फक्त दिव्यांपुरता करंट येतो. फ्रिज, पंखा, कॅम्परची बॅटरी, त्यांना गाडीच्या बॅटरीपासून वेगळी जाड वायर पाहिजे, मध्ये फ्यूज पाहिजे, चार्जिंगचा वेगळा डबा पाहिजे. हे मला कुणी सांगितलं? कुणी नाही! मी दीड महिना मोबाईलवर बघून बघून शिकलो. केळीच्या कटाईची वही होती, तिच्या मागच्या पानांवर चित्रं काढली, कुठल्या पिनेत काय, कुठल्या रंगाची वायर कुठं. अठ्ठावन्नाव्या वर्षी! दहावीला मी एवढा अभ्यास केला असता तर आज तुम्ही मला साहेब म्हणाला असता.

आणि मग पार्सलनं तिसरा आला. सात-तेरा ॲडाप्टर, त्याच्या जोडीला जाड वायर, तिचा वेगळा प्लग, डबा, फ्यूज, सगळं! स्वतःच्या हातानं जोडलं. गाडी चालू केली. दिवे लागले. पंखा फिरला. फ्रिज घुं घुं करायला लागला. कोकिळानं तासाभरानं फ्रिजमधी हात घातला आणि म्हणाली, "व माय! खरंच गार!" अहो, चौतीस वर्षांत माझ्या कुठल्याही कामाला ती बाई "खरंच" म्हणाली नव्हती. मी तिथंच पायरीवर बसलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

निघालो! ताकाचा तांब्या फ्रिजमधी, समुद्रासाठी घेतलेली नवी मोरपंखी साडी पिशवीत, पिशवी गादीवर. चोपडा, शिरपूर, हायवेला लागलो, आणि पुढं काय येतं? सोनगीर! आणि सोनगीरला कोण राहतं? आमचे व्याही, शालिग्राम भाऊ. आमची नूतन दिलीय तिथं. आता मला सांगा, लेकीच्या सासरावरून गाडी हाकत नेता येते का? दिसलो असतो तर? जन्मभर ऐकलं असतं, याही, म्हणजे व्याही, रस्तावरथीन गयात, पाय नही लावा! म्हटलं, दहा मिनिटं. पाणी पिऊ, निघू.

दहा मिनिटं! मांडे घातले, शेवभाजी झाली, सगळी गल्ली कॅम्पर बघून गेली. आणि शालिग्राम भाऊ पिकअपच्या मागं उकिडवे बसले, माझ्या ॲडाप्टरला बोट लावलं आणि म्हणाले, "याही, हाई मधमा काय लटकी राह्यनं?" म्हटलं, ॲडाप्टर आहे. "हाई काय कामनं? आपला अभिमनले बलावतस. बठ्ठं डायरेक्ट करी दी!"

डायरेक्ट! म्हणजे मधलं सगळं काढून थेट जोडणी! तुम्हाला सांगतो, आपल्या खान्देशाचा घात कुणी केला असेल ना, तर ह्या शब्दानं! स्टार्टर बिघडला? डायरेक्ट करा. फ्यूज उडाला? तार लावा, डायरेक्ट करा. मध्ये काही असलेलं आपल्या माणसाला सहनच होत नाही! मी म्हटलं, भाऊ, नको, उत्तम चाललंय, फ्रिज गार आहे, ताक पिऊन बघा. तर त्यांचा चेहरा पडला. "म्हनजे मना मानूसवर तुमना इस्वास नही?" लेक त्यांच्या घरात. नूतन दारातून माझ्याकडं बघतेय, डोळ्यांनी म्हणतेय, बाबा, हो म्हणा. आणि मी... हो म्हणालो. वही पिशवीत होती हो! चित्रं होती! मी फक्त नाही म्हणायचं होतं!

अभिमन आला. विहिरीच्या जळक्या मोटरींत नवी तार भरतो तो. "नाना, पंधरा हॉर्सपॉवरनी मोटर मी डायरेक्ट करी दिधी, तुमना पंखा काय चीज शे!" आणि खिशातनं पक्कड काढून, माझा दीड महिना... कट्! ॲडाप्टरचा तुकडा नालीत भिरकावला. मी वही काढली, म्हटलं बाबा, हे चित्र तरी बघ, परदेशी वायरींचे रंग वेगळे असतात. चित्र बघितलं का त्यानं? "लालले लाल, कायाले काया, यामा काय इतलं?" लालला लाल, काळ्याला काळी, आणि राहिलेल्या वायरी? राहिलेल्या त्यानं ज्या हाताला लागल्या त्या पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली, टाळी वाजवली. "बशी जाई!"

बशी जाई! अरे, बसलेलंच होतं रे! बसलेलं तू उठवलंस!

निघालो. सोनगीर सोडलं, ब्रेक मारला, मागून एक मोटारसायकलवाला ओरडत आला, "काका, टाकी गळतेय!" म्हटलं, गळू दे, थोडं सांडलं असेल. डावा इंडिकेटर दिला तर आत पंखा, फर्रर्र... थांबतोय, फर्रर्र... थांबतोय, इंडिकेटरच्या तालावर! मला कळेना, कोकिळा म्हणतेय, "आत कोण आहे?" पुढं गतिरोधक, ब्रेक. पुन्हा गतिरोधक, ब्रेक. तुम्ही ओळखलंत ना? मी नाही ओळखलं! ब्रेकची वायर त्या महाभागानं नळाच्या पंपाला दिली होती! मी जितक्या काळजीनं गाडी चालवतोय, तितकं आत पाणी! शेवटी जळका वास आला, बॉनेटमधनं धूर, गाडी बंद. उतरलो, मागचं दार उघडलं... गुडघाभर नाही म्हणणार मी, पण पायरीवरून ओढा आला. गादी भिजली. पिशवी भिजली. मोरपंखी साडीचा रंग गादीला लागला, आणि गादीचा साडीला.

कोकिळानं साडी पिळली. तिथंच, हायवेच्या कडेला उभं राहून. घडी घातली. माझ्याकडं बघितलं.

व्याह्यांचा ट्रॅक्टर आला, साखळी लावून आम्हांला ओढत सोनगीरला माघारी. माघारी! चौथ्यांदा! सगळं गाव ओट्यावर. आणि अभिमन काय म्हणाला असेल? सांगा बरं! जरा तरी मान खाली घातली असेल? "नाना, वायर बरोबर शे. तुमनी गाडीच उलटी शे!" आणि शालिग्राम भाऊ माझ्या पाठीवर हात ठेवून, "व्हई जाई, याही, चिंता करू नका. दोन दिन ऱ्हावा!" दोन दिवस! लेकीच्या सासरी! आमचे वडील माझ्या बहिणीच्या सासरी गेले तर घरून पाण्याचा तांब्या न्यायचे, आणि मी इथं दोन वेळ जेवतोय, दुपारी झोपतोय, व्याही मला भाजीत मीठ बरोबर आहे का विचारतात!

पण खरा घाव तो नाही. खरा घाव पुढं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळा आवरून उभी. संगं आमच्या विहीणबाई, सुगंधाबाई, हातात डबा. म्हटलं, देवळात का? कोकिळा म्हणाली, "द्वारकेला." म्हटलं, अगं, कशानं? "एसटीनं धुळे, धुळ्याहून सुरत, सुरतेहून रेल्वे. विहीणबाईंनीपण समुद्र बघितला नाही. तुम्ही गाडी करून घ्या." म्हटलं, अगं, लॉजवर झोप येत नाही ना तुला? तर म्हणते, "दोघी असलो की येते." ऐकलंत? दोघी असलो की येते! मग चौतीस वर्षं मी कोण होतो? आणि तुम्हाला सांगतो, बसमध्ये चढताना हसत होत्या दोघी. माझा कॅम्पर समोर उभा, दार उघडं, गादी उन्हात, आणि ह्या हसतायत!

आज आठवा दिवस. पिकअप अभिमनच्या दुकानापुढं बॉनेट उघडून उभी आहे. रोज जातो, रोज विचारतो. तो रोज म्हणतो, "उद्या." मी म्हणतो, बाबा, तिसऱ्यासारखाच ॲडाप्टर मागवलाय, पार्सल येतंय, तोपर्यंत हात लावू नको, तर तो पक्कड फिरवत म्हणतो, "ॲडाप्टर कशाले? बशी जाई!"

दुपारी कॅम्परमध्ये पडलो होतो. सोनगीरची लाइट सकाळपासून गेलेली. फोन वाजला. कोकिळाचा, व्हिडिओवाला! वाऱ्यानं पदर उडतोय, मागं गोंगाट, विहीणबाई कुठंतरी किंचाळतायत. कोकिळाचा चेहरा असा... मी तो चेहरा लग्नातसुद्धा बघितला नव्हता. म्हणते, "अहो! ऐका ना! पाय बुडवले मी! थांबा, तुम्हाला दाखवते, असा हा... असा..." आणि तिनं फोन वळवला. फोन वळतोय, आकाश आलं, कुणाची तरी छत्री आली, आता पाणी येणार... आणि स्क्रीन काळी. माझ्या फोनची बॅटरी संपली! अकरा प्लग आहेत हो त्या कॅम्परमध्ये, अकरा! गादीजवळ दोन, ओट्याजवळ तीन, आरशापाशी एक, आणि एकातही करंट नाही. तिकडं ती विचारत असणार, दिसला का? दिसला का हो?

मग काय करणार? मी त्या काळ्या काचेकडं बघितलं आणि म्हटलं, "हो, दिसला. मोठा आहे."