ताईच्या टाचा

"हॅलो?… हां ताई, बोल… नाही गं, झोपले नव्हते. आवाजच असा झालाय. नाक चोंदलंय ना… हो, तेच, तू आलीस तेव्हाचंच. अजून वास कसला तो येत नाही… घेतला, वाफारा घेतला. तुझा मेहुणा म्हणतो, चिमणीच्या अंगाला हल्ली लिमलेटच्या गोळीसारखा वास येतो. मला कुठला यायला! बापाचं प्रेम, दुसरं काय… बोल ना तू."

फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून ती पलंगाच्या कडेला बसली होती. मांडीवर चिमणी, तिची तान्ही लेक. चिमणीचे दोन्ही पंजे तिने एका हातात धरून ठेवले होते, कारण सोडले की ते थेट गुडघ्यांमागे जात आणि नखं चालू होत.

"फोटो? कसला फोटो?… लेबलवर? चिमणीच्या पायांचा?… हो, प्रदर्शन आहे, सांगितलं होतंस… नाही, आत्ता नको. झोपलीये ती."

झोपलेली चिमणी टक्क डोळे उघडे ठेवून आईच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होती.

ताईचं पार्लर होतं. हल्ली ती घरच्या घरी अंगाला लावायचं बटर बनवायची, बरण्या भरायची आणि येईल त्याच्या हातावर चोळून दाखवायची. दहा दिवसांपूर्वीपर्यंत ती इथंच राहिली होती, धाकट्या बहिणीला जरा आराम मिळावा म्हणून. ती गेली तेव्हा चिमणीच्या पायांवर नुसती लाली होती. आता गुडघ्यांमागची कातडी ओली दिसायला लागली होती. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. मागच्या खेपेला त्या म्हणाल्या होत्या, कोरड्या कातडीसाठी दिलेलं हे साधं क्रीम नेमाने लावूनही चट्टे हटत नसतील, तर मग कडक मलम सुरू करावं लागेल.

आणि ती नेमाने लावत होती. अंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच, मानेपासून पावलांपर्यंत. बाटलीचा पंप हल्ली अडकायचा, तर तो कोमट पाण्यात बुडवून, मोकळा करून लावत होती. तरी चट्टे वाढतच होते. अंगावर पाजते, तेव्हा आपल्याच खाण्यातून काहीतरी पोरीला बाधत असणार, या धास्तीने तिने दूध सोडलं, दही सोडलं, अंडी सोडली. ताईला यातलं अक्षर कळू द्यायचं नव्हतं. ताईला कळणं म्हणजे जन्मभर 'तरी मी म्हणत होते' ऐकणं.

"मी कधी म्हटलं तुझं वाईट आहे?… ताई, ऐक ना… अगं, ऐकून तरी घे… हो, नैसर्गिक. मान्य. खाजकुयलीपण नैसर्गिकच असते. चोळ की."

"पेट्रोल नाही ते! पेट्रोलियम जेली… शुद्ध केलेली असते गं. कातडीत शिरतसुद्धा नाही, वर बसून राहते. झाकण समज. पातेल्यावर झाकण ठेवतो ना, वाफ जाऊ नये म्हणून? तसं आतलं पाणी आत राहतं… चिकट आहे, हो. झाकणाचं कौतुक कोणी करत नाही. पण काढून बघ."

"हो, त्यात ग्लिसरीन आहे… ते पाणी ओढून धरतं. आणि तुझं शिया बटर मऊ करतं, खरखर बसवतं. छानच आहे ते, मी कुठे नाही म्हणतेय? पण तिघांची तीन कामं, ताई. एक पाणी धरणारं, एक भेगा बुजवणारं, एक झाकणारं. तू एकाच्याच गळ्यात तिन्ही कामं घालतेस… कुठे शिकले म्हणजे? पोरीच्या पाठीवर शिकले. तू पार्लरात शिकलीस, मी बाथरूममध्ये."

चिमणीने एक पंजा सोडवून घेतला. तिने तो हळूच पुन्हा पकडला, मुठीचा मुका घेतला, आणि आवाज मात्र तस्साच कडक ठेवला.

"नाव वाचता येत नाही म्हणून विष झालं का ते? सिरॅमाइड म्हणजे काय राक्षस आहे? आपल्याच कातडीत असतं ते. विटांच्या मधला गिलावा समज. हिच्यात तो कमी पडतो, म्हणून वरून द्यायचा… हो, लोशनमध्ये पाणीच जास्त असतं, हे तुझं बरोबर. म्हणून तर मी लोशन आणलं नाही, घट्ट क्रीम आणलं… प्रिझर्व्हेटिव्ह? आहे. असायलाच हवं. पाणी आलं की बुरशी आली. तू त्यात गुलाबपाणी घालतेस, ते काय कोरडं असतं?… मग मागे त्या बरणीच्या झाकणाला आतून काळं आलं होतं, ती काय नक्षी होती?"

पलीकडे ताई चांगलीच पेटली असावी, कारण बराच वेळ हिला तोंड उघडायला फट मिळाली नाही. फोन कानापासून वीतभर लांब धरून तिने छताकडे पाहिलं.

"झालं?… झालं का बोलून?… आईला मधे आणू नकोस. आईने आपल्याला काय लावलं ते आईला विचार, मला नको… हट्टी? मी? आणि तू कोण, गरीब गाय?… उपकार काढतेस? हो, आलीस. राहिलीस. दुपारी चिमणीला घेऊन बसलीस, मला गाढ झोपू दिलंस. तशी झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. सांगितलंय मी सगळ्यांना, जाऊबाईंनासुद्धा. पण म्हणून पोरीच्या अंगावर तुझा प्रयोग? ते संत्र्याच्या सालीचं तेल घालतेस ना वासाला, ते झोंबतं गं लहान कातडीला. तुझी बरणी मी तिला लावलेली नाही आणि लावणारही नाही. प्रदर्शनात दुसऱ्या कोणाचे पाय लाव."

"…हसतेस काय?"

"ताई, हसतेस काय?… कोणती बाटली?… आमची? पंपाची?"

तिच्या हातातले पंजे सुटले. ते लगेच गुडघ्यांमागे गेले.

"थांब. हळू बोल… पुन्हा सांग. तू काय भरलंस त्यात?… मी झोपलेली असताना… सगळं काढून. धुऊन. आणि तुझं भरलंस. आणि मला दिसू नये म्हणून पंप पुन्हा घट्ट लावून ठेवलास."

बाटली उशाशीच होती. तिने पंप पिळून काढला आणि आत बोट घातलं. बोटांवर चोळलं. क्रीम गुळगुळीत लागायला हवं होतं. हे रव्यासारखं कणीदार लागत होतं. घरी वितळवून थिजवलेल्या ताईच्या बटरला असेच दाणे यायचे. म्हणून पंप अडकत होता, आणि कोमट पाण्यात दाणे विरत म्हणून ते हाताला कधी लागले नव्हते. तिने बोट नाकाशी नेलं. वास नाही. दोन्ही नाकपुड्यांवर दगड ठेवल्यासारखं. पण वास कसला असणार हे आता तिला नाकाशिवायही कळत होतं. लिमलेटच्या गोळीचा.

"काय म्हणालीस?… 'इतके दिवस लावतेस, झालं का तिला काही?' हे विचारतेस तू मला?"

"झालं. झालंय, ताई! ती झोपलेली नाहीये, मी खोटं बोलले. ती झोपतच नाही. खाजवून खाजवून गुडघ्यांमागे ओलं झालंय, चादरीला डाग पडतात. मी रोज, माझ्या हाताने, माझ्या ह्या हाताने तुझं ते लावत होते. चट्टे वाढले की जास्त लावत होते. रडायची ती. मी म्हणायचे, रडू नको राणी, औषध आहे… नाही, तू गप्प बस. आता मी बोलणार."

"मी दूध सोडलं, माहितीये? अंडी सोडली. माझ्याच दुधात खोट आहे, असं वाटलं मला. पाजताना तिच्या तोंडाकडे बघायची लाज वाटायची… नव्हतं तुला माहीत, कारण मी सांगितलं नाही. तू हसशील म्हणून सांगितलं नाही. आणि आज संध्याकाळी डॉक्टरीणबाई तिला कडक मलम देणार होत्या. साध्या क्रीमने गुण येत नाही म्हणून! ते क्रीम बाटलीत होतंच कुठे? आणि मी मान डोलावून आले असते."

"रडू नकोस. फोनवर रडून माझ्याकडून 'जाऊ दे ताई' म्हणवून घ्यायचं नाही… चांगल्यासाठी केलंस, हो. विचारायला काय झालं होतं?… मी नाही म्हणाले असते. बरोबर. नाहीच म्हणाले असते. आई आहे मी तिची."

चिमणी आता रडवेली झाली होती. तिने तिला छातीशी घेतलं, थोपटलं. बोलताना आवाज एकदम खाली आला, आणि तो खालचा आवाज ओरडण्याहून वाईट होता.

"एक सांग. आमचं क्रीम कुठे गेलं? बाटलीतलं… ओतून दिलंस?… मग?… बोल ना, मग काय केलंस?"

"टाचांना?"

"पोरीचं औषध तू टाचांना चोपडलंस… वाया जाऊ नये म्हणून. वा. जिवाला लागलं असतं नाही, वाया गेलं असतं तर… बरं. आता टाचा कशा आहेत तुझ्या?… नाही, विषय बदलू नकोस, सांग. मला ऐकायचंय… ऐकू नाही आलं… मऊ. भेगा भरल्या. चप्पल घासून रक्त यायचं त्या भेगा ना? आणि तुझं बटर किती वर्षं लावत होतीस तिथे?… भरल्या होत्या त्याने?… नाही. नाही ना."

तिने एका हाताने पंप पुन्हा बसवला आणि बाटली दवाखान्याच्या पिशवीत टाकली.

"ती बाटली मी डॉक्टरीणबाईंना दाखवणार आहे. कोणी भरली हेसुद्धा सांगणार… सख्ख्या मावशीने म्हणून सांगणार, मग काय सांगू? चोर आला होता?… नाही, येऊ नकोस. आत्ता तर नकोच… बघू. चट्टे गेल्यावर बघू."

"आणि हो, फोटो हवा होता ना तुला? चिमणीच्या पायांचा, लेबलवर? पाठवते… हॅलो? ऐकतेयस ना? पाठवते म्हटलं. ठेव आता."

ताईने ठेवला नाही, म्हणून तिनेच ठेवला.

मग चिमणीला तिने पलंगावर पालथं केलं, उजेडासाठी खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि फोन गुडघ्यांच्या मागे नेला. चिमणीला वाटलं, नवा खेळ आहे. डोळ्यांत पाणी असतानाच ती खुदकन हसली, पाय हवेत झाडले. फोटो हलला.

तिने चिमणीचं पाऊल तळहातात घेतलं आणि दुसरा काढला. हा स्वच्छ आला. तो ताईला पाठवून तिने पोरीला उचललं, आणि अंगावरचं सगळं धुऊन काढायला बाथरूमकडे निघाली.