दाबून सपाट केलेली बॅटरी

जबाब देणार: कुरिअर कार्यालयात पार्सल स्वीकारणारी, सगळे 'वहिनी' म्हणतात. वय ४१, धंदा नोकरी, राहणार कार्यालयाच्या मागच्या गल्लीत, दुसरा मजला.

पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते ते असे, की वरील ठिकाणी मी पती, सासूबाई व धाकट्या दिरासह राहते. पती याच कुरिअरची गाडी चालवतात. बॅटरीच्या पार्सलांचे नियम काउंटरवर मीच बघते. फुगलेली किंवा चेपलेली लिथियम बॅटरी आम्ही घेत नाही, कारण ती वाटेत पेट घेऊ शकते. चांगली असेल तर टोके चिकटपट्टीने झाकून, खोक्यावर धोक्याचे लेबल लावून पाठवतो. यावरून माझे रोज कुणाशी तरी वाजते.

सोमवारी दीर लॅपटॉपची फुगलेली बॅटरी घेऊन काउंटरवर आले. ती परत पाठवली की कंपनी नवी देणार होती. मी म्हटले, "भाऊजी, फुगलेली चालत नाही." ते म्हणाले, "घरच्या माणसालाही नियम?" मी म्हटले, "घरच्याला आधी." संध्याकाळी सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत.

दीर तसे आज्ञाधारक आहेत. फुगलेली चालत नाही म्हटल्यावर त्यांनी ती कपाटाच्या पायाखाली दाबून सपाट केली. टोके झाकायची असतात, तर झाकली. 'बॅटरी' लिहिले की वहिनी अडवते, म्हणून खोक्यावर 'जुने कपडे' लिहिले. हे त्यांनी मला नंतर स्वतःच, जरा कौतुकाने सांगितले.

मंगळवारी मी आत जेवायला बसले असताना ते खोके मॅनेजर साहेबांनी घेतले. प्रत्येक पार्सल उघडून बघण्याची आमची पद्धत आहे. हे उघडले नाही. कारण विचारता साहेब म्हणाले, "तुम्ही एवढ्या कडक, तुमच्या घरचं पार्सल काय बघायचं?" म्हणजे माझ्याच कडकपणाच्या वशिल्याने ते गाडीत चढले.

गाडी चौकात असताना मागून धूर आला. आग विझवायचा सिलिंडर खोक्यांच्या मागे अडकला होता, म्हणून पतीने जळती खोकी हातांनी ओढून काढली. लोकांची पार्सले वाचली. पतीचे दोन्ही तळहात भाजले. पुन्हा स्टिअरिंग धरता येईल का, हे डॉक्टर आज सांगत नाहीत. मला फार राग आला आहे व तो कमी झालेला नाही.

पाठवणाऱ्याचे नाव जळून गेले असे सांगायचे, हे घरी सर्वांनी ठरवले. सर्वांत मी नव्हते, मी दवाखान्यात पतीला भरवत होते. तेही घास घेता घेता म्हणाले, "धाकटा आहे गं, त्याचं नाव घेऊ नकोस." मी पुढचा घास दिला.

सदर पार्सल माझ्या सख्ख्या दिराचे होते. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध व न बघता घेणाऱ्या मॅनेजर साहेबांविरुद्ध आहे. बस मिळत नव्हती म्हणून दिरांनीच मला स्कूटरवरून इथे आणले. ते बाहेर बाकावर माझी वाट बघत बसले आहेत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. दार उघडे असल्याने, माझ्या विनंतीवरून, हळू आवाजात वाचला.